थेरेसियाचा वाटा : ग्रेगोर मेंडेल यांचे जीवन

थेरेसिया मेंडेल हे नाव विज्ञानाच्या शालेय पुस्तकात आढळत नाही. तिच्या भावाचे नाव मात्र माध्यमिक शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने एकदा तरी वाचलेले असते. वाटाण्याच्या रोपांवर प्रयोग करून आनुवंशिकतेचे नियम शोधून काढणारे ग्रेगोर मेंडेल हे तिचे थोरले बंधू. परीक्षेच्या तयारीत आपण त्यांचे तीनास एक हे प्रमाण पाठ करतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. त्या प्रमाणामागे एका कष्टकरी कुटुंबाचा मुलगा होता, त्याने अर्धपोटी काढलेली शाळेची वर्षे होती, दोनदा हुकलेली परीक्षा होती आणि बहिणीने आपल्या वाट्यातून काढून दिलेला पैसा होता, हे सहसा सांगितले जात नाही. निवासी शाळेच्या स्मरणिकेत ही कथा सांगणे उचित वाटते, कारण घरापासून दूर राहून, दुसऱ्याच्या आधाराने शिकण्याचा अर्थ या स्मरणिकेच्या वाचकांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

वेठीचे घर

मेंडेल यांचा जन्म जुलै १८२२ मध्ये ऑस्ट्रियन साम्राज्यातील सायलेशिया प्रांतात, हाइंत्सेनडॉर्फ नावाच्या लहानशा खेड्यात झाला. हे गाव आज चेक प्रजासत्ताकात असून हिंचित्से या नावाने ओळखले जाते. मुलाचे नाव योहान ठेवण्यात आले. वडील आंटोन हे शेतकरी होते, आई रोझिने ही माळीकाम करणाऱ्या घराण्यातील. वेरोनिका ही थोरली बहीण आणि थेरेसिया ही धाकटी.

घरची जमीन होती, परंतु घर स्वतंत्र नव्हते. आंटोन यांना आठवड्यातून तीन दिवस जमीनदाराच्या शेतावर वेठीने राबावे लागे. उरलेल्या दिवसांत स्वतःची शेती करायची, फळझाडांना कलमे बांधायची आणि त्यातून पाच माणसांचे पोट भरायचे, असा तो संसार होता. वेठीची ही पद्धत त्या साम्राज्यात १८४८ साली संपुष्टात आली. योहानचे बालपण आणि विद्यार्थिदशा त्याआधीच सरली होती.

त्या गावच्या शाळेत एक गोष्ट नेहमीपेक्षा निराळी होती. लिहिणे, वाचणे आणि हिशेब यांच्या जोडीला तेथे निसर्गाचे धडे, फळबागेचे काम आणि मधमाश्यांची निगा शिकवली जाई. योहानची हुशारी शिक्षकांच्या आणि गावच्या धर्मगुरूंच्या ध्यानात आली आणि या मुलास पुढे शिकवावे, असे त्यांनी आईवडिलांना सुचवले. एकुलता एक मुलगा शाळेसाठी बाहेर पाठवणे म्हणजे शेतावरचे दोन हात कमी होणे. तरीही आईवडिलांनी होकार दिला. वयाच्या अकराव्या वर्षी योहान प्रथम लिपनिक येथील शाळेत गेला आणि वर्षभराने, १८३४ साली, ओपावा येथील जिम्नॅशियममध्ये, म्हणजे त्या देशातील माध्यमिक विद्यालयात, दाखल झाला.

तेथे राहण्याजेवण्याचा पूर्ण खर्च घरच्यांना झेपणारा नव्हता, म्हणून त्याच्यासाठी अर्ध्याच जेवणाचे पैसे भरले गेले. गावाकडून शहरात जाणारी गाडी मिळाली की आई पाव आणि लोणी पाठवून देई. तेवढीच काय ती भर. अशा स्थितीत मुलगा वर्गात वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण होत राहिला.

१८३८ साली घरावर आघात झाला. वेठीच्या कामावर असताना झाडाचा ओंडका अंगावर येऊन आंटोन यांच्या छातीला जबर दुखापत झाली आणि पुढे ते पूर्वीसारखे कष्ट करू शकले नाहीत. घरून येणारी मदत थांबली. सोळा वर्षांच्या योहानने खासगी शिकवण्या करण्याचे प्रमाणपत्र मिळवले आणि स्वतःपेक्षा लहान मुलांना शिकवून आपला खर्च चालवला. अतिश्रमाने तो आजारी पडला. १८४० साली जिम्नॅशियमचा अभ्यासक्रम पूर्ण करून तो ओलोमोउत्स येथील तत्त्वज्ञान संस्थेत गेला. विद्यापीठाच्या शिक्षणापूर्वी हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करणे आवश्यक असे. परंतु अनोळखी शहरात ओळख ना शिफारस. शिकवण्या मिळेनात. चिंतेने आणि उपासमारीने खचलेला हा तरुण पुन्हा आजारी पडून घरी परतला आणि त्याचे सुमारे एक वर्ष घरीच गेले.

बहिणीने दिलेला वाटा

१८४१ साली वडिलांनी शेत थोरल्या जावयाच्या, म्हणजे वेरोनिकाच्या पतीच्या, नावे केले. योहानने शेती सांभाळावी ही घरची अपेक्षा तेथेच संपली. परंतु शिक्षणासाठी पैसा कोठून येणार, हा प्रश्न तसाच होता. त्या वेळी थेरेसियाने आपल्या लग्नासाठी राखून ठेवलेल्या, तिच्या हक्काच्या वाट्यातील काही भाग भावाच्या शिक्षणासाठी देऊ केला.

या निर्णयाचे मोल नीट समजून घेतले पाहिजे. त्या काळी अशा वाट्यावर मुलीच्या पुढील संसाराची भिस्त असे. जिम्नॅशियमचे दरवाजे मुलींना बंद होते, त्यामुळे गावच्या शाळेपलीकडे शिकण्याची वाट तिला स्वतःला खुली नव्हती. जी संधी तिला मिळणार नव्हती, ती भावाला मिळावी म्हणून तिने आपल्या सुरक्षिततेचा एक भाग सोडला. या पैशाच्या बळावर योहान ओलोमोउत्सला परतला आणि १८४३ साली त्याने तेथील अभ्यासक्रम पूर्ण केला.

पुढे काय, हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. भौतिकशास्त्राचे अध्यापक फ्रीडरिख फ्रान्झ यांनी ब्रनो येथील सेंट थॉमस या ऑगस्टिनियन मठासाठी त्याची शिफारस केली. मठात जाण्यामागे केवळ धर्मश्रद्धा होती असे नाही. पोटापाण्याच्या रोजच्या झगड्यातून सुटका होईल असा मार्ग पत्करणे आपल्याला भाग होते, असे मेंडेल यांनी पुढे स्वतःच्या हकिकतीत मोकळेपणाने नमूद केले आहे. १८४३ च्या शरद ऋतूत ते मठात दाखल झाले आणि तेथे त्यांना ग्रेगोर हे नाव मिळाले.

अनुत्तीर्ण शिक्षक

ब्रनोचा हा मठ विद्याव्यासंगी होता. तेथे मोठे ग्रंथालय होते, वनस्पतींचा संग्रह होता, आणि मठातील अनेक जण शहरातील विद्यालयांत शिकवत असत. मठाधिपती सिरिल नाप यांना शेती आणि पशुपैदास या विषयांत विशेष रस होता. ब्रनो हे लोकर व्यवसायाचे केंद्र असल्याने चांगल्या लोकरीच्या मेंढ्या कशा निपजतात, यावर तेथील जाणकारांत वाद चालत. आईवडिलांकडून संततीकडे काय जाते आणि ते कसे जाते, हा खरा प्रश्न आहे, असे नाप यांनी १८३० च्या दशकातच या चर्चांत मांडले होते. त्यांच्याच मठात या प्रश्नाचे उत्तर शोधले जाईल, याची त्या वेळी कोणालाच कल्पना नव्हती.

१८४७ साली मेंडेल यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. परंतु रुग्णांची आणि मरणासन्न माणसांची सेवा करताना त्यांचे मन इतके व्याकुळ होई की ते स्वतःच आजारी पडत. नाप यांनी हे ओळखले आणि १८४९ साली त्यांना झ्नोयमो येथील जिम्नॅशियममध्ये हंगामी शिक्षक म्हणून पाठवले. मेंडेल यांना शिकवणे मनापासून आवडे आणि विद्यार्थ्यांनाही ते आवडत.

कायम शिक्षक होण्यासाठी मात्र सरकारी परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक होते. १८५० साली ते त्या परीक्षेस बसले आणि नापास झाले. निसर्गविज्ञान त्यांनी विद्यापीठात कधी शिकलेलेच नव्हते, जे काही येत होते ते स्वतः वाचून मिळवलेले होते. परीक्षकांपैकी एकाला मात्र या उमेदवारात गुण दिसले आणि याला विद्यापीठात शिकू द्यावे, अशी सूचना पुढे आली. नाप यांनी खर्चाची तयारी दाखवली. १८५१ ते १८५३ या काळात मेंडेल व्हिएन्ना विद्यापीठात शिकले. ध्वनी आणि प्रकाशाच्या लहरींविषयीचा नियम ज्यांच्या नावाने ओळखला जातो त्या क्रिस्टियान डॉप्लर यांच्याकडे त्यांनी भौतिकशास्त्राचे पाठ घेतले. आंद्रेआस फॉन एटिंग्सहाउझेन यांच्याकडून गणिती पद्धती आत्मसात केली. फ्रान्झ उंगर यांच्याकडून वनस्पतिशास्त्राची नवी दृष्टी घेतली. निसर्गातील गोष्टी मोजता येतात आणि मोजणीतून नियम हाती लागू शकतो, हा संस्कार त्यांना येथे मिळाला.

१८५४ पासून ते ब्रनोच्या शासकीय विद्यालयात भौतिकशास्त्र आणि निसर्गविज्ञान शिकवू लागले. १८५६ साली ते पुन्हा शिक्षक परीक्षेस गेले, पण ती पूर्ण न करताच त्यांना परतावे लागले. त्यानंतर त्यांनी प्रयत्न सोडला. आनुवंशिकीचा पाया घालणारा हा माणूस चौदा वर्षे शिकवत राहिला आणि शेवटपर्यंत हंगामी शिक्षकच राहिला.

बागेतील आठ वर्षे

ज्या वर्षी परीक्षा दुसऱ्यांदा हुकली, त्याच वर्षी मठाच्या बागेत संकराचे प्रयोग सुरू झाले. जागा मोठी नव्हती. सुमारे पस्तीस मीटर लांब आणि सात मीटर रुंद असा तो वाफा होता, आणि त्याच्या जोडीला काचगृह होते.

आईवडिलांचे गुण संततीत एकमेकांत मिसळून जातात, दोन रंग एका भांड्यात ओतावेत तसे, अशी त्या काळची सर्वसाधारण समजूत होती. मेंडेल यांना ती तपासून पाहायची होती. त्यांनी वाटाण्याचे चौतीस वाण मिळवले आणि दोन वर्षे लावून पाहिले. जे वाण पिढ्यान्‌पिढ्या आपले गुण तसेच राखतात, असे बावीस त्यांनी निवडले. वाटाण्याची निवडही विचारपूर्वक केलेली होती. त्याच्या फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर पाकळ्यांच्या आत बंदिस्त असतात, त्यामुळे बाहेरचा पराग सहसा आत शिरत नाही. संकर करायचा तर फूल उमलण्याआधीच ते उघडून पुंकेसर काढून टाकायचे, दुसऱ्या वाणाचा पराग कुंचल्याने स्त्रीकेसरावर लावायचा आणि फुलावर पिशवी बांधायची. हे काम त्यांनी शेकडो फुलांवर स्वतःच्या हातांनी केले.

संपूर्ण रोपाकडे एकदम न पाहता त्यांनी सात गुण वेगळे काढले. बीचा आकार, बीचा रंग, बीच्या आवरणाचा रंग, शेंगेचा आकार, कच्च्या शेंगेचा रंग, फुलांची जागा आणि रोपाची उंची. प्रत्येक गुणाच्या दोन स्पष्ट जोड्या. गोल बीच्या वाणाचा सुरकुतलेल्या बीच्या वाणाशी संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीत सर्व बिया गोल निघाल्या. सुरकुत्या जणू नाहीशा झाल्या. मात्र त्या गोल बियांपासून उगवलेली रोपे स्वपरागणाने फळू दिली, तेव्हा पुढच्या पिढीच्या ७३२४ बियांपैकी ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेल्या निघाल्या. बीच्या रंगाच्या प्रयोगात ८०२३ पैकी ६०२२ पिवळ्या आणि २००१ हिरव्या. दोन्ही ठिकाणी प्रमाण जवळजवळ तीनास एक.

येथे ते थांबले नाहीत. दुसऱ्या पिढीतील गोल बिया दिसायला सारख्या असल्या तरी आतून सारख्या असतील का, हे पाहण्यासाठी त्यांनी त्यांपासून ५६५ रोपे वाढवली. त्यांपैकी १९३ रोपांनी केवळ गोल बिया दिल्या आणि ३७२ रोपांनी गोल व सुरकुतलेल्या अशा दोन्ही दिल्या. म्हणजे दिसणारे तीनास एक हे प्रमाण आतून एक, दोन, एक असे होते. त्यातून त्यांनी निष्कर्ष काढला की प्रत्येक गुणासाठी रोपात दोन घटक असतात, एक एका जनकाकडून आलेला आणि दुसरा दुसऱ्याकडून. बीजपेशी तयार होताना हे घटक वेगळे होतात आणि प्रत्येक बीजपेशीत दोहोंपैकी एकच जातो. घटक एकमेकांत विरघळत नाहीत. एका पिढीत झाकला गेलेला गुण नष्ट झालेला नसतो, तो पुढच्या पिढीत जसाच्या तसा प्रकट होऊ शकतो.

नंतर त्यांनी दोन गुण एकत्र घेऊन पाहिले. ५५६ बियांत ३१५ गोल पिवळ्या, १०१ सुरकुतलेल्या पिवळ्या, १०८ गोल हिरव्या आणि ३२ सुरकुतलेल्या हिरव्या मिळाल्या. आकार आणि रंग हे एकमेकांना बांधलेले नसून स्वतंत्रपणे वाटले जातात, असे यावरून दिसले. १८६३ पर्यंत आठ हंगाम हे काम चालले. या काळात सुमारे अठ्ठावीस हजार रोपे त्यांच्या हाताखालून गेली, असे मानले जाते.

कोणी प्रश्न विचारला नाही

८ फेब्रुवारी आणि ८ मार्च १८६५ या दोन सायंकाळी मेंडेल यांनी ब्रनोच्या निसर्गविज्ञान मंडळापुढे आपला निबंध वाचला. सभेला सुमारे चाळीस जण होते. वनस्पतींच्या चर्चेत गणिताचे प्रमाण कशासाठी, हे बहुतेकांच्या ध्यानात आले नसावे. १८६६ साली निबंध मंडळाच्या वार्षिक वृत्तांतात छापला गेला. तो वृत्तांत युरोपातील शंभराहून अधिक संस्थांकडे गेला. मेंडेल यांनी निबंधाच्या चाळीस स्वतंत्र प्रती करून घेतल्या आणि काही विद्वानांना पाठवल्या. परिणाम जवळजवळ काहीच झाला नाही.

म्युनिकचे प्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल नेगेली यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार झाला. मेंडेल यांनी त्यांना पडताळणीसाठी वाटाण्याच्या बियांची पाकिटे धाडली. नेगेली यांना मात्र हे काम अपुरे वाटले. त्यांच्या आवडीच्या हॉकवीड या वनस्पतीवर मेंडेल यांनी पुढची काही वर्षे घालवली. अतिशय बारीक फुले भिंगाखाली हाताळताना त्यांचे डोळे दुखावले आणि निकाल वाटाण्याशी जुळेनात. या वनस्पतीत अनेकदा फलनाशिवायच बी धरते, हे त्या काळी कोणासच ठाऊक नव्हते. आपल्या नियमाशी न जुळणारे हे निष्कर्षही मेंडेल यांनी जसे मिळाले तसे प्रसिद्ध केले. जे दिसले ते लपवायचे नाही, ही त्यांची वृत्ती होती.

पुढे १९३६ साली इंग्लंडचे संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी वाटाण्याचे आकडे अपेक्षित प्रमाणाच्या फारच जवळ आहेत, अशी शंका उपस्थित केली. त्यावर अभ्यासकांत दीर्घ काळ वाद झाला. नियम मात्र जगभर पुन्हापुन्हा तपासला गेला आणि खरा ठरला.

मठाधिपती आणि मामा

नाप यांच्या निधनानंतर ३० मार्च १८६८ रोजी मेंडेल मठाधिपती निवडले गेले. अर्धपोटी शिकलेला मुलगा आता एका संपन्न मठाचा प्रमुख झाला. अधिकार आला, तसा प्रयोगांचा वेळ गेला. प्रशासन, सभा आणि हिशेब यांत दिवस जाऊ लागले. तरी हवामानाच्या नोंदी आणि मधमाश्या त्यांनी सोडल्या नाहीत. १८७० च्या ऑक्टोबरमध्ये ब्रनोवर आलेल्या वावटळीचे त्यांनी केलेले शास्त्रीय वर्णन आजही अभ्यासले जाते. १८७४ साली मठांवर कर लादणारा कायदा आला तेव्हा तो अन्याय्य आहे, अशी भूमिका घेऊन त्यांनी अखेरपर्यंत कर भरण्यास नकार दिला. या लढ्यात अनेक मित्र दुरावले.

परंतु अधिकारपद आल्यावर त्यांनी जुने ऋण विसरले नाही. थेरेसियाच्या तिन्ही मुलांच्या शिक्षणाचा भार मामाने उचलला. हे भाचे ब्रनोला शिकले, मामाकडे येत जात राहिले आणि त्यांतील दोघे डॉक्टर झाले. तरुणपणी बहिणीने दिलेला वाटा अशा रीतीने तिच्याच घरी परतला आणि एका पिढीत एक विद्यार्थी शिकला होता तेथे पुढच्या पिढीत तीन शिकले. जन्मगावच्या अग्निशामक दलासाठीही मेंडेल यांनी आर्थिक साह्य केले.

मूत्रपिंडाच्या विकाराने ६ जानेवारी १८८४ रोजी ब्रनो येथे त्यांचे निधन झाले. अंत्यविधीच्या वेळी संगीताचे संचालन लेओश यानाचेक यांनी केले. पुढे मोठे संगीतकार म्हणून प्रसिद्धी पावलेले यानाचेक बालपणी याच मठाच्या आश्रयाने गायक विद्यार्थी म्हणून शिकले होते. अंत्ययात्रेला गरिबांची आणि शहरातील मान्यवरांची गर्दी होती. ती एका दयाळू मठाधिपतीसाठी होती. एक थोर शास्त्रज्ञ गेला, हे कोणास माहीत नव्हते. त्यांची बहुतेक कागदपत्रे नंतर मठात जाळून टाकण्यात आली.

झाकलेले पुन्हा प्रकट झाले

१९०० साली हॉलंडचे ह्यूगो द व्रीस, जर्मनीचे कार्ल कोरेन्स आणि ऑस्ट्रियाचे एरिख फॉन चेर्माक यांनी काही महिन्यांच्या अंतराने आपापल्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. जुने वाङ्मय चाळताना हे सर्व चौतीस वर्षांपूर्वीच छापले गेले आहे, असे त्यांना आढळले. इंग्लंडमध्ये विल्यम बेटसन यांनी मेंडेल यांचा निबंध इंग्रजीत आणवला आणि या नव्या शास्त्रास नाव दिले. १९०९ साली डेन्मार्कचे विल्हेल्म योहान्सेन यांनी त्या घटकाला जो शब्द दिला, त्यालाच आपण मराठीत जनुक म्हणतो. पुढे जनुके गुणसूत्रांवर असतात हे टॉमस हंट मॉर्गन यांनी फळमाश्यांवरून दाखवले. १९४४ साली ओस्वाल्ड एव्हरी आणि सहकाऱ्यांनी आनुवंशिक द्रव्य डीएनए असल्याचे सिद्ध केले. १९५३ साली रोझालिंड फ्रँकलिन यांच्या क्ष-किरण चित्रांच्या आधारे वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची रचना मांडली आणि २००३ साली मानवी जनुकसंचाच्या वाचनाचा प्रकल्प पूर्ण झाला. या सर्व वाटचालीचा आरंभ मठाच्या त्या वाफ्यात आहे.

मेंडेल यांचा नियम आपल्या घरापर्यंत कसा येतो, याचे एक उदाहरण सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. विदर्भात आणि महाराष्ट्राच्या इतर काही भागांत, आदिवासी तसेच अनुसूचित जातींच्या अनेक समाजांत तो आढळतो. ज्याच्याकडे या आजाराचे एकच जनुक असते तो केवळ वाहक असतो आणि सहसा निरोगी आयुष्य जगतो. पती आणि पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याच्या वेळी आजाराची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन आणि पूर्ण मुक्त असण्याची चारात एक असते. हेच मेंडेल यांचे एक, दोन, एक. पहिले मूल निरोगी निघाले म्हणून दुसऱ्याच्या वेळी ही शक्यता बदलत नाही. म्हणून विवाहापूर्वी साधी रक्ततपासणी करून घेणे शहाणपणाचे असते. वाहक असणे हा दोष नाही, आणि त्यावरून कोणाला नाव ठेवण्याचे कारण नाही.

प्रभावी म्हणजे श्रेष्ठ नव्हे

मेंडेल यांच्या नावाचा दुरुपयोगही झाला. माणसाची बुद्धी, नीती आणि दारिद्र्यसुद्धा वाटाण्याच्या रंगासारखे एकेका घटकाने ठरते, असे सुप्रजननशास्त्राच्या पुरस्कर्त्यांनी सांगण्यास आरंभ केला. अमेरिकेतील इंडियाना राज्यात १९०७ साली आणि जर्मनीत १९३३ साली सक्तीच्या नसबंदीचे कायदे झाले आणि त्यांखाली असंख्य निरपराध माणसे भरडली गेली. मेंडेल यांच्या निबंधात याला कोणताही आधार नव्हता. प्रभावी गुण म्हणजे संकरात वर दिसणारा गुण, एवढाच त्याचा अर्थ. सुरकुतलेली बी गोल बीपेक्षा हीन आहे, असे त्यांनी कोठेही म्हटलेले नाही.

आपल्या देशातही जातिव्यवस्था रक्ताची शुद्धता आणि वंशाचा दर्जा राखते, असा युक्तिवाद विज्ञानाचा आव आणून केला जात होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याचा समाचार ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या १९३६ सालच्या ग्रंथात घेतला. लाहोरच्या जातपाततोडक मंडळासाठी लिहिलेले, पण प्रत्यक्षात होऊ न शकलेले ते भाषण. त्यात बाबासाहेबांनी मेंडेलच्या तत्त्वांवर ग्रंथ लिहिणाऱ्या बेटसन यांचाच आधार घेतला आहे. उच्च मानसिक गुण एखाद्या एकाच घटकाने वारशाने येतात असे मानण्यास आधार नाही, ते अनेक घटकांच्या योगाने घडून येत असावेत, हे बेटसन यांचे मत त्यांनी वाचकांपुढे ठेवले. पंजाबातील ब्राह्मण आणि पंजाबातील चर्मकार यांच्यात वंशभेद नाही, जात ही वंशाची विभागणी नसून एकाच वंशाच्या लोकांची सामाजिक विभागणी आहे, असे त्यांनी दाखवून दिले. ब्रनोच्या बागेतून निघालेला विचार अशा रीतीने बेटसन यांच्या ग्रंथातून बाबासाहेबांच्या लेखणीपर्यंत पोहोचला आणि जन्मावरून माणसाची पायरी ठरवणाऱ्यांच्या विरोधात उभा राहिला.

मेंडेल यांचे स्वतःचे आयुष्यही हेच सांगते. वेठीने राबणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलात एवढी बुद्धी आहे, हे त्याच्या जन्मावरून कोणी ओळखले नसते. गावच्या शिक्षकांनी ती पाहिली, आईने पाठवलेल्या पाव-लोण्याने ती तगली, बहिणीच्या पैशाने ती शिकली आणि नाप यांच्यासारख्या वडीलधाऱ्या माणसाने नापास झालेल्या उमेदवाराला विद्यापीठात पाठवल्यामुळे ती फळास आली. यांतील एक दुवा तुटला असता, तर तो मुलगा ओलोमोउत्सहून घरी परतला तो कायमचाच.

आपल्या शाळेतून शिकून गेलेल्या प्रत्येकाच्या मागे असे कोणीतरी आहे. कोणाची आई मोलमजुरी करून वह्यांचे पैसे साठवत होती, कोणाच्या बहिणीने स्वतःची शाळा सोडली म्हणून भाऊ वसतिगृहात येऊ शकला. पालकांनी येथे एवढे लक्षात ठेवावे की आजच्या थेरेसियाला भावासाठी आपला वाटा सोडण्याची वेळ येऊ नये, तिलाही त्याच बाकावर जागा मिळावी. आणि माजी विद्यार्थ्यांनी मेंडेल यांच्या तीन भाच्यांची आठवण ठेवावी. ज्याला एकाने शिकवले, त्याने पुढे तिघांना शिकवले.